पाय लागला म्हणून

मल्लेश्वरम, बंगलोर
२४ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. रम्या हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

मंगळवार, १२ नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. तुझ्या पत्रातून ही वेळ मी आधी उतरवून घेतली, कारण तक्रारीत वेळ चुकली की समोरचा नेमकं तिथेच बोट ठेवतो. लीड्सच्या बसमध्ये तुझा पाय शेजारच्या म्हातारीला लागला. तू आपल्या सवयीने वाकून तिच्या गुडघ्याला हात लावलास आणि तोच हात कपाळाला लावलास. तिने पर्स छातीशी धरून चोर चोर म्हणून गलका केला, ड्रायव्हरने तुला भर पावसात खाली उतरवलं, आणि भरल्या बसमधल्या एकाही माणसाला तोंड असल्याचं दिसलं नाही. वाचता वाचता माझी कॉफी गार झाली, आणि ती मी कधी गार होऊ देत नाही.

बस कंपनीला मी सणसणीत पत्र टाकलं आहे. कॉन्व्हेंटचं इंग्रजी अशाच कामासाठी राखून ठेवलं होतं. तुला लाज वाटण्याचं काहीएक कारण नाही. शाळेच्या पहिल्या आठवड्यात माझा पाय सिस्टरच्या झग्याला लागला, तेव्हा मीही हेच केलं. मी झगा ओढते आहे असं समजून तिने मला बाकावर उभं केलं. पुढे दहा वर्षांत त्या बायकांनी माझे काटेचमचे सुधारले, उच्चार सुधारले. हात मात्र अजून आपणहून खाली जातो.

आता मुद्द्याचं. तुझी आई परवा जे. पी. नगरहून दोन बस बदलून रडत आली. तू घराबाहेर पाऊल टाकत नाहीस, दूधसुद्धा उल्हासराव कामावरून येताना आणतात आणि नऊ डिसेंबरला सुरू होणारी लायब्ररीतली नोकरी तू नाकारणार आहेस, हे तिला तुझ्याच पत्रातून कळलं. सुलभाचा स्वभाव तुला ठाऊक आहे. तिने विमानाच्या तिकिटांच्या एजंटकडे तुझ्यासाठी परतीची जागा धरून ठेवायला सांगितली आहे. संक्रांतीपर्यंत तो थांबेल. जावयांचं काम संपायला दोन वर्षं आहेत, तोवर तू माहेरी राहावंस असा तिचा बेत. लग्नाला आठ महिने झालेत, हे मी तिला आठवून दिलं. तिने ऐकलं नाही.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ट्रंक कॉल लागला नाही की अख्खं कर्नाटक मला शिव्या द्यायचं. त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नव्हतं, म्हणून मी त्या घरी नेल्या नाहीत. काल आठव्या क्रॉसवर एका रिक्षावाल्याने मला अज्जी म्हणत थेट आजी केलं आणि वर स्वल्प बाजूला व्हायला सांगितलं. आज मी त्याच रस्त्याने भाजी आणली.

नोकरी नको असेल तर सोड. पण नऊ तारखेला त्या बसने एकदा जाऊन ये आणि मग सोड. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मीटर पळतो.

रागातही लोभ आहे, तो ओळखून घे.

तुझी,
संयोगिता मावशी


लीड्स
११ डिसेंबर १९९६

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उल्हासने ते मोठ्याने वाचलं आणि तू निवृत्त झालीस हे टेलिफोन खात्याचं नशीब की नुकसान, असं विचारलं. उत्तर त्याचं त्यालाच शोधू दे.

सोमवारी गेले. उल्हास सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. बस भरलेली होती, एकच जागा रिकामी, आणि ती नेमकी तिच्या शेजारी. तीच म्हातारी, तीच पर्स, शिवाय चाकांची पिशवी. मी उभीच राहणार होते, पण ड्रायव्हरने बसायला सांगितलं. दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून बसले. तिने पर्स दुसऱ्या मांडीवर घेतली, मला दिसेल अशी.

पुढच्या सिग्नलला गचका बसला आणि माझा बूट तिच्या पिशवीला लागला. मावशी, मी शपथेवर सांगते, हात खिशातून आपणहून निघाला. अर्ध्या वाटेत मी तो थांबवला आणि तो तसाच हवेत राहिला. ती त्या हाताकडे बघत होती. मग तिने विचारलं की हे नक्की चाललंय काय.

मी सांगितलं. घरून शब्द जुळवून नेले होते ते सगळे विसरले. आमच्याकडे पाय कुणाला लागला तर तो अपमान असतो, म्हणून हात लावून माफी मागतात, एवढंच बोलले. आवाज मागच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण कुणीतरी वर्तमानपत्र खाली केलं.

तिने जरा विचार केला. एका पायासाठी एवढं सगळं करतात का, असं म्हणाली. तिच्या पायांवरून दिवसभर लोक जातात आणि साधं सॉरी म्हणत नाहीत, हेही सांगितलं. मला वाटलं आता ती माफी मागेल. तर माझा कोट तिच्या जागेत येतो आहे तो आवर, असं म्हणाली. मग गचक्याबद्दल ड्रायव्हरला झापलं, आणि उतरताना दारात उभ्या असलेल्या एका पाद्रीबाबांना त्यांच्या छत्रीवरून. ते बिचारे गुपचूप बाजूला झाले. मला हसू आवरेना. महिनाभर मी समजत होते की तिने हे फक्त माझ्यासाठी ठेवलं होतं.

लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावायचं काम आहे. मंगळवारी आणि आजही गेले. आज ती नव्हती.

कंपनीचं प्रकरण आता वाढवू नकोस. आईला तूच काय ते सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रम्या


मल्लेश्वरम, बंगलोर
२१ डिसेंबर १९९६

चि. सौ. रम्या हिस अनेक आशीर्वाद.

पत्र काल दुपारी आलं. मी फाटकापाशीच उभ्याने वाचलं आणि पोस्टमन मल्लाप्पाला आत बोलावून कॉफी दिली. सोळा वर्षांत पहिल्यांदा दिली, म्हणून तो घरात सगळं ठीक आहे ना विचारून गेला. ठीक आहे, म्हटलं. रात्री महिन्याभराने सलग झोप लागली.

त्या म्हातारीला मी माफ केलेलं नाही. उद्धटपणा सगळ्यांना सारखा वाटला म्हणून तो सभ्यपणा होत नाही. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. तो माझा आणि त्यांचा प्रश्न, तू मध्ये पडू नकोस.

सुलभाकडे जाऊन पत्र वाचून दाखवलं. आधी रडली, मग तू डबा नेतेस का विचारलं. पण एजंटला नको म्हणून कळवायला ती तयार नाही. मी मधल्या ओळी पदरच्या घालून वाचल्या असा तिला संशय आहे. मीही जोर केला नाही, कारण चार वेळा वाचलं तरी तुझ्या पत्रात एक गोष्ट सापडत नाही. त्यात म्हातारी आहे, छत्री आहे, पाद्रीबाबा आहेत. तू राहणार की येणार, हे नाही. आईला तूच सांग असं लिहून तू ते माझ्या गळ्यात घातलंस. मी सांगणार नाही. बसमध्ये परक्या बाईला सांगता आलं, तर आईलाही येईल.

तेव्हा मंगळवार, १४ जानेवारीच्या आत तुझं उत्तर सुलभाच्या हातात पडलं पाहिजे. लेखी, तुझ्या अक्षरात. राहणार असशील तर तसं लिही. यायचं असेल तर तसं लिही, मी स्वतः विमानतळावर येईन, एक शब्द बोलणार नाही. मात्र येण्याचं कारण म्हणून ती म्हातारी मला चालणार नाही.

उत्तराची वाट बघणारी आणि तोवर लोभ राखून असलेली,
तुझी मावशी