आवाजावरूनच कळतं म्हणे

तीर्थरूप आईस,

तुझ्या आळशी लेकीचा वाकून नमस्कार. खोली उबदार आहे, जेवण बहुतेकदा वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे? मलम लावतात की नुसतं उशाशी ठेवतात?

तू मावशीला सांगतेस तसं माझं काम 'वेड्यांचं' नाही गं. प्रयोगशाळेत आम्ही लोकांना बोलणाऱ्या माणसांचे व्हिडिओ दाखवतो आणि विचारतो, हा खरं बोलतोय की खोटं? उत्तर आम्हाला आधीच ठाऊक असतं. दिवसभर हेच. संध्याकाळी डोळे नुसते चुरचुरतात.

सगळे अगदी छातीठोक सांगतात. छापा-काटा केला असता तरी तेवढंच बरोबर आलं असतं. काल एक निवृत्त फौजदार आले होते. "चेहरा बघितला की कळतं मला," म्हणाले. त्यांचीही निम्मी उत्तरं चुकली, तर म्हणे तुमचं यंत्रच बिघडलंय!

आम्ही काही जास्त शहाणे नाही, आई. आम्ही फक्त अंदाज खऱ्या उत्तराशी ताडून बघतो. घरी कोण बघतं? बरोबर आलेले तेवढे लक्षात राहतात.

रविवारी फोनवर मी म्हटलं, "मजेत आहे." तू म्हणालीस, "हो, आवाजावरूनच कळलं मला," आणि लगेच दादाकडे फोन दिलास.

पुढच्या वेळी ओळखू नकोस. मला विचार. आणि मी "मजेत" म्हटलं, तर फोन हातातच ठेव आणि पुन्हा एकदा विचार.

तुझीच,
धाकटी