पाण्यात ठेवलेले देव

आत्याबाई, तुमचे देव मी पाण्यात ठेवले होते. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, दोघांनाही. ओट्यावर मिक्सरच्या शेजारी, स्टीलच्या पातेल्यात. तुम्ही असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, पाणी कुठलं गं? नळाचं. समुद्राचं गोडं केलेलं. इथे मस्कतात विहीर कुठून आणू? देवांनी काही तक्रार केली नाही, निमूट बसले. चौथीनंतर माझी पाटी सुटली ती सुटलीच, तेव्हा ह्या पत्रातल्या अक्षराला हसू नका. तुम्हाला तर सहीही येत नव्हती.

तुमची नातसून, म्हणजे माझ्या लेकाची बायको, हिमालयात गेली होती. देवदर्शनाला गेली असती तर मी काही बोलले नसते. एव्हरेस्ट चढणारे लोक खाली जिथे तंबू ठोकतात, तिथपर्यंत चालत जायचं आणि चालत परत यायचं, एवढ्यासाठी. बेस कॅम्प म्हणतात त्याला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे वर चढायचंच नाही? पायथ्याला हात लावून परत? अगं, पायथ्यापर्यंत आमचा बैलसुद्धा जायचा, आणि सुट्टी न काढता." ती हसली. म्हणाली, "आई, तो पायथाच आपल्या सगळ्या डोंगरांच्या डोक्यावर आहे." चाळिशी उलटलेली बाई, ऑफिसात चार माणसं हाताखाली, आणि सगळा हिवाळा रोज पहाटे पाठीला पिशवी लावून बाहेर. आमच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीच्या मागे डोंगर आहेत, पण कसले? झाड नाही, गवत नाही, भाजलेल्या विटेसारखे. त्यांवर चढायची नि उतरायची. वजनाची सवय व्हावी म्हणून पिशवीत तांदूळ. मी म्हणायचे, "आणलंस का बासमतीला फिरवून? आता शिजव, दमला असेल बिचारा."

माझ्या लेकाला हे पसंत नव्हतं. एका शुक्रवारी तो बरक्याच्या मासळीबाजारातून सुरमई घेऊन आला होता, सगळे जेवायला बसलो होतो, आणि विषय निघाला. तो म्हणाला, "आई, तूच सांग हिला. माझं ऐकत नाही." तिनं घास खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. खरंच." आत्याबाई, इतक्या वर्षांत तिनं मला असं काही विचारलं नव्हतं. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे तेसुद्धा नाही. माझ्या तोंडात "नको"च होतं. नातीनं मोबाइलवर दाखवलेला तो झुलता पूल डोळ्यांपुढे होता, खाली खोल दरी, वरून घंटा वाजवत जाणारे केसाळ याक. पण "नको" म्हटलं की मी वाईट. सुनेच्या पायात पाय घालणारी सासू म्हणून इमारतीतल्या बायका तोंडाला पदर लावणार. कुणाला नाही म्हणायला मी कधी घाबरले आहे का? भाजीवाल्याला नाही, डॉक्टरला नाही. त्या दिवशी घाबरले. "जा की," म्हटलं. "मी काय धरून ठेवलंय तुला?"

निघायच्या दिवशी मीच तिच्या हातावर दही घातलं. लिफ्टचं दार लागलं, आणि मी देव्हाऱ्यातून तुमचे देव उतरवले. म्हटलं, तिला अर्ध्यातून परत पाठवा. हातीपायी धड ठेवा, पण परत पाठवा. काम झालं की बाहेर काढते. नातीनं विचारलं तेव्हा तिलाही एवढंच सांगितलं, काम झालं की काढायचे.

तुमची ती चूल आठवते मला. भाऊबंदकीचा खटला चालू होता, मी नवी नवरी, आणि शहाणपणा करून म्हटलं होतं, आत्याबाई, धाकल्या घरचे खटला हरावेत म्हणून देव पाण्यात ठेवू या का? तुम्ही फुंकणी खाली टाकलीत. "देव काय तुझा गडी आहे? आपल्या तोंडानं जे सांगायला लाजतेस, ते त्याच्याकडून करून घेतेस?" धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी सांगितलं होतं. धूर नव्हता तो. पुढे ह्यांना इकडे ओमानात सहमला नोकरी लागली आणि माझे कागद काही येईनात, तेव्हा तुम्ही देव पाण्यात ठेवलेत. सूनबाईचा व्हिसा येऊ दे म्हणून, असं सगळ्या आळीला सांगितलंत. मी तुमच्या पाया पडले होते. पोरगं चालायला लागलं तेव्हा कुठे कागद आले. आता स्वतःचं पातेलं बघितल्यावर मनात येतं, तुम्ही देवांकडे नक्की काय मागितलं होतंत, कागद यावेत की अडावेत? राहू दे. तुमच्या हाताखाली दुसरं कोण होतं, तेही मला कळतं.

मग तो फोन आला. लेकानं मोठ्या आवाजावर ठेवला. शेवटच्या मुक्कामावर तिचं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, बोटाला तो प्राणवायू मोजायचा चिमटा लावून बघितलं आणि वाटाड्या म्हणाला, खाली, आत्ताच्या आत्ता. दुसऱ्या दिवशी पोचणारच होती. घोड्यावर बसवून आणली. "आई, मला समोर दिसत होतं हो सगळं," एवढंच म्हणाली आणि पुढे नुसता वाऱ्याचा आवाज. डॉक्टर म्हणतात उंचीचा त्रास, कुणालाही होतो. असेल. मी मात्र फोन संपल्याबरोबर स्वयंपाकघरात गेले, देव बाहेर काढले, पुसले, आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. नात आत आली. तिचं मराठी तुम्हाला माहीत नाही, तोडून तोडून बोलते. म्हणाली, "आजी, गॉड्सना बाहेर का काढलं? तू म्हणालीस, काम झालं की काढायचं. मम्मा तर पोचलीच नाही." माझा हात कढईतच थांबला. रवा करपला. म्हटलं, "पाणी बदलत होते गं." आणि तिच्यासमोर देव परत पाण्यात ठेवले. ह्या वेळी काहीही न मागता. देवांनाही कळलं नसेल, आता कशाला बसवलंय.

ती आली. तोंड उन्हानं सोललेलं, ओठ फाटलेले. पाणी प्यायला आत गेली आणि पातेलं दिसलं. तिथेच उभी राहिली. "आई, तुम्ही अजून ठेवलेत? मी हरले तरी?" आणि माझ्या गळ्यात पडून रडली. आमच्या घरात कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. माझे हात कुठे ठेवायचे तेच मला कळेना. तिच्या पाठीवर ठेवले. पिशवीच्या पट्ट्यांनी खांदे काळे पडले होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "आंघोळ कर आधी, याकाचा वास येतोय."

तिला बरं वाटायला लागलं तशी ती परत पहाटे बाहेर पडायला लागली. परवा चहा पिताना म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी परत जावं म्हणते. आधीच्या मुक्कामावर एक दिवस जास्त थांबायचं, म्हणजे अंगाला सवय होते. जाऊ ना?" तीच खुर्ची, तीच नजर. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "नको. मला भीती वाटते. तू गेलीस की माझा घास उतरत नाही. नको जाऊ." ती म्हणाली, "तुम्हाला? भीती?" मग हसायला लागली, इतकी की लेक बाहेरून विचारायला आला काय झालं म्हणून. डोळे पुसत म्हणाली, "आई, पहिल्यांदा सरळ बोललात. पण मी जाणार हं. तुम्ही घाबरा बिनधास्त." आणि उठून गेली, बूट घालायला.

देव आता कोरडे आहेत, देव्हाऱ्यात. पातेल्यात खरं काय मागितलं होतं, ते तिला सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटतही नाही. तुम्हाला एवढंच सांगते, आणि हे दुसऱ्या कुणाला कळायला नको: तिनं माझं ऐकलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं.