डावा गुडघा आधी

मंगळवार, ता. ९

उंचाडे,

आशीर्वाद. इथलं बरं चाललंय. तुझं विचारत नाही, तुझ्या लेकीने फोनवर सगळं ऐकवलं. नवा गुडघा, धुतलेल्या चादरी, दोन वेळा डॉक्टर विचारपूस करायला, आणि तू म्हणे आता कठड्याला हात न लावता जिना चढतेस. पैसा एक नाही, सगळं म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात. ऐकून बरं वाटलं असं लिहायला हवं. नाही वाटलं. पोटात दुखलं.

तुला बघायला आले नाही म्हणून रुसलीस म्हणे. दवाखान्याच्या वासाने माझं डोकं उठतं, त्याला मी काय करू?

परवा मीही गेले त्या विम्याचं कार्ड काढायला. खिडकीतली बाई म्हणाली, "आजी, सत्तर पूर्ण लागतात. तुम्हाला अजून वर्ष आहे."

"अगं, माझ्या धाकट्या बहिणीला मिळालं! मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी."

"कागदावर तुम्ही धाकट्या."

मागचा माणूस हसला. "आजी, तरुण आहात, खूश व्हा की!"

म्हटलं, "माझा गुडघा देते, घालून बघ."

आठवतं ना? शाळेत नाव घालताना तू ताडासारखी, मी वीतभर. मास्तरांनी उंची बघून माझी तारीख तुला लावली, तुझी मला. बाबा म्हणाले, "राहू दे, दोघी जातायत ना शाळेत." मी चौथीत शाळा सोडली, पण ती तारीख काही मला सोडेना. कागदावर धाकटी म्हणून जन्मभर मिरवलं मी, तुला म्हातारी म्हणून चिडवलं. भोग आता. लहानपणी खिडकीजवळची जागा तुला, नवी चप्पल आधी तुला, आणि आता माझी सत्तरीसुद्धा तुलाच.

त्या बाईने वाट सांगितली. जन्माची नोंद आणा, तारीख दुरुस्त करून घ्या, मग कार्ड मिळेल. पोरगा म्हणतो, "उद्याच जाऊ, खालचा इस्त्रीवाला नि मी तुला परत खुर्चीत बसवून तीन मजले उतरवतो."

लिहून गेले. आता ऐकच. परवाचं सोडलं तर कित्येक महिन्यांत मी खाली उतरलेले नाही. वासाबिसाचं काही खरं नाही.

पण शाळेच्या रजिस्टरात आपल्या दोघींची नावं एकाखाली एक. माझी तारीख सुधारायला गेले की तुझीही उघडी पडणार. तू एकोणसत्तरची ठरलीस की कार्ड गेलं, आणि तुझा डावा गुडघा व्हायचाय. पोरगा म्हणतो, "मावशीचा एक तर झाला, आता तुझी पाळी." खरं सांगू? मलाही तसंच वाटतं. अजूनही वाटतंय.

तरी त्याला म्हटलं, थांब.

तू डावा उरकून घे. याच महिन्यात. लेकीला रजा नाही, जावयाला वेळ नाही, असलं काही मला कळवू नकोस. तुझे टाके निघाले की दुसऱ्या दिवशी मी तारीख सुधारायला निघाले, मग तुझं कार्ड राहो नाहीतर जावो. आणि विमा दवाखान्यात भरती असेपर्यंतच, घरी आल्यावरच्या गोळ्या बऱ्याचदा आपल्याच पदरच्या, असं ती बाई म्हणाली. लेकीला सांगून ठेव, नंतर बोंब नको.

दोन्ही पायांवर नीट चालायला लागलीस की वर ये. मी येते असं लिहीत नाही.

तुझ्यावर जळणारी,
ताई