वाघाने न खाल्लेला माणूस

बाबूजी, उमरेडच्या रस्त्याला, एका नाल्याच्या काठी तुमच्या आजोबांच्या नावानं दगड मांडला आहे. त्यांना तिथं वाघानं धरलं, अशी मांडणाऱ्यांची समजूत आहे. तुम्हाला तर ठाऊकच आहे, ते नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या घरी, पलंगावर, दूधभात खाऊन, नातवंडांच्या डोक्यावर हात ठेवून सुखानं गेले. त्यांच्या मिशा तुम्ही ओढायचात आणि ते तुम्हाला बत्तासा द्यायचे, हे तुमच्याच तोंडून आम्ही कितीदा तरी ऐकलंय. त्या दगडाची जागा मी दाखवली. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं वाटलं ते नेमकं या कारणासाठी, याचीही मला लाज वाटते.

सुरुवात दादानं केली. दुकान त्याच्याकडे आल्यापासून त्याला घराण्याचा फार पुळका आला. आपल्या इतवारी बाजारातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांनी आपापल्या घराण्यांची पुस्तकं छापून घेतली होती, पहिल्या पानावर पागोटेवाला मूळपुरुष आणि मागं वंशवृक्ष, मग आपलंच का नको? मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडणार हे ठरलेलं. "तुले काय, सुट्ट्याच सुट्ट्या असतेत," दादा म्हणाला. मलाही हौस होतीच, उगाच नाही कशाला म्हणू. मला मोडी वाचता येते. ती शिकायची म्हटल्यावर सगळे हसले होते, आणि तुम्ही मात्र काही न बोलता शिकवणीचे पैसे दिले होते. माळ्यावरून पेट्या उतरवल्या, लाल कापडातल्या चोपड्या झटकल्या, जुनी खरेदीखतं वाचली. तुमच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो तेव्हा तिथल्या उपाध्यायांनी त्यांच्या वहीतून पणजोबांची नोंद वाचून दाखवली होती, तीही उतरवून आणली. नाव, बापाचं नाव, उमरेडच्या पुढचं एक गाव, आणि "पूर्वी कुणबीक, हल्ली व्यापार". शेतकरी सापडला, व्यापारीही सापडला. एकाचा दुसरा कसा झाला, ते मात्र कुठंच नव्हतं. त्यासाठी आपल्याकडे तुमचं एक वाक्य तेवढं होतं: एक बैलजोडी, तिच्या बंडीत मावलं तेवढं धान आणि स्वतःचं मनगट, एवढ्यावर त्यांनी नागपुरात दुकान उभं केलं.

ते वाक्य तुम्ही पोळ्याला म्हणायचात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दुकान लवकर बंद व्हायचं. आपल्याकडे ना गोठा ना बैल, तरी आई चुलीवर लोणी कढवायची, वाटीत हळद कालवायची, आणि तान्ह्या पोळ्यासाठी काढून ठेवलेल्या आमच्या लाकडी बैलांच्या खांद्यांना तुम्ही ते तूप चोळत म्हणायचात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मला ते फार आवडायचं. दहा-अकरा वर्षांची असेन, मी विचारलं, "बाबूजी, आपलं गाव कोणतं? आपण पोळ्याले तिकडे काहून नाही जात?" तुमचा हात थांबला. "तिकडे काय शेण काढाले जातं का वं? गावबीव काही नाही आपलं. दुकान हेच गाव." आवाज असा चढला की आईनं मला चुलीपाशी ओढून घेतलं. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. मला वाटलं, मी काहीतरी घाण बोलले.

आणि दुकानातली ती रीत. उमरेडकडून धानाच्या बंड्या आल्या की तुम्ही आधी गाव विचारायचात. नाशिकच्या वहीतलं ते गाव निघालं की तुमचं उत्तर ठरलेलं, "माल शेजारी दाखवा, पण जेवून जा." आजोबांनी घालून दिलेली रीत आहे, म्हणायचात. मुनीमजी सांगायचे, त्या गावच्या धानात खडे फार. मग ज्यांच्या धानात खडे त्यांना घरचं वरणभात काहून, हा प्रश्न मला पडला नाही. इतिहासाची बाई झाले ती पुढं, तेव्हाही पडला नाही.

तर मी त्या गावी गेले. नेमका पोळ्याचा आदला दिवस होता. गावात आपल्या आडनावाचं एकच घर, आणि त्यात पंचाहत्तरीचा एक म्हातारा, त्याची म्हातारी आणि शेतातून यायची असलेली मुलं-सुना. मी म्हटलं, शाळेसाठी जुन्या गोष्टी गोळा करते. नाव सांगितलं ते सासरचं. ते खोटं नव्हतं, एवढीच माझी चलाखी. त्यांनी मला बाज टाकली, चहा दिला, मुक्कामाचा आग्रह केला. दिवे लागायच्या सुमाराला म्हातारी गरम तूप-हळद घेऊन गोठ्यात आली, आणि बैलांच्या आधी म्हाताराच अंगातला सदरा काढून त्यांच्या रांगेत पाटावर बसला. म्हातारीनं त्याचा खांदा चोळला. मग बैलांचे. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," ती म्हणाली, नवऱ्याला धरून सगळ्यांना. मला हसू फुटलं.

"पाहणाऱ्याले हसू येतेच," म्हातारा म्हणाला. त्याला राग नव्हता. "आमच्या आज्याचा मोठा भाऊ होता, बाई. धान घेऊन नागपूरले गेला. घरची एकच जोडी, साऱ्या घराचं सालभराचं धान बंडीत. आठ रोजात येतो म्हणे. नाही आला. वाघानं धरला बिचाऱ्याले. तवा इकडे लय वाघ होते. मंग आज्यानंच जू खांद्यावर घेतलं अन् आजीनं वखर धरला. पोळा आला, त गोठ्यात बैल कुठी? आजीनं आज्याच्याच खांद्याले तूप लावलं. तवापासून या घरी पह्यले माणसाचा खांदा." मग त्यानं त्या भावाचं नाव सांगितलं. तेच नाव माझ्या पिशवीतल्या नाशिकच्या नोंदीत होतं, बापाच्या नावासकट. "अखजीले पितरायसंग त्याचीबी घागर भरतो आमी अजून. लय मायाळू होता म्हणत."

बाबूजी, हा माणूस तुमचा चुलत-चुलतभाऊ, माझा काका, आणि मी त्याच्या बाजेवर पाहुणी म्हणून चहा पीत होते. आपलं "एक बैलजोडी आणि मनगट" माझ्या कानात वाजत होतं. बैलजोडी कुणाची, हे आपल्या घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं. मनगट तेवढं आपलं होतं. तोवर म्हाताऱ्याला नागपूरच्या आठवणी यायला लागल्या. "इतवारीत एक दुकानदार होता. आमच्या गावचा माल घेत नव्हता, पर जेवल्याबिगर सोडे नाही. जवानीत दोनदा जेवलो मी त्याच्याकडे. स्वतः वाढे. पोटभर वाढे, पर तोंडाकडे पाहे नाही."

तेव्हापासून मी तुम्हाला एकच विचारतेय. तुम्हाला माहीत होतं ना? आजोबांनी सांगितलं असणार, शेवटच्या दिवसांत, किंवा त्याआधीच. मला कधी वाटतं, तुम्ही बिचारे, न केलेल्या गोष्टीची शिक्षा जन्मभर वरणभात वाढून भोगलीत. कधी तुमचा भयंकर राग येतो. एकदा मान वर करून त्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं असतंत, तर हे सगळं माझ्यापर्यंत आलंच नसतं. आणि मग आठवतं, मीही त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हते, गोठ्यातल्या बैलांकडे पाहत होते.

सकाळी निघताना म्हाताऱ्यानं मला वेशीपर्यंत सोबत केली. "तुमी जुने कागद वाचता. त्याले कोठं धरलं ते कुठी लिवलं असन त पाहून सांगा. वाघानं मारला त त्या जागी दगड मांडा लागते. आमचा राहून गेला. बापानं मले सांगतलं, बापाले आज्यानं सांगतलं. मी मराच्या आंधी तेवढं करून टाकतो." मी पाहते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्याइले सांगून काय भेटन? त्याइच्या देवाले तू चोर करशीन, एवढंच ना?" वाईट बोलला नाही तो. मलाही हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांची माया राखायची, म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत विष कालवायचं नाही, असं मी स्वतःला चांगलं समजावलं. पुस्तक छापलं गेलं. पहिल्या पानावर तुमचं ते वाक्य आहे, आणि खाली संशोधक म्हणून माझं नाव.

थंडीत म्हातारा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, हातात लाल मिरच्यांची पिशवी. एस.टी.नं एकटा आला होता. "सापडलं का वं पोरी?" बाईची पोरी झाले होते मी. फाटकावर मुलींची गर्दी, मधल्या सुट्टीची घंटा होत होती. मी "हो" म्हणून गेले. एकदा हो म्हटल्यावर जागाही सांगावी लागली. एक रविवार ठरवला, आणि उमरेडच्या अलीकडे जंगल लागतं तिथं एका नाल्याशी मी त्याला आणि त्याच्या मोठ्या मुलाला घेऊन गेले. नाला का निवडला? सावली होती म्हणून. जुन्या कागदात असंच काहीसं लिहिलंय, मी म्हटलं. त्यानं कागद मागितला नाही. दगड त्यानं गावाहूनच आणला होता, त्यांच्या शेताच्या बांधावरचा. मुलानं जागा साफ केली, शेंदूर लावला, नारळ फोडला. म्हातारा दगडाशी बसून आपल्या आज्याच्या भावाशी बोलला, घरचं सगळं ठीक आहे म्हणाला, कुणाची लग्नं झाली ते सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "अन् बैलं? बैलं कोणं नेली असन, लिवलं हाये का?" मी म्हटलं, "नाही, त्याबद्दल काही नाही." "जाऊ दे," तो म्हणाला. "ज्याच्या घरी गेली त्याचं भलं झालं असन."

तो अजून आहे, बाबूजी. त्याच्या गावाचा पत्ता मला पाठ आहे, कार्ड टाकलं तर दोन-तीन दिवसांत पोचेल, मुलगा वाचून दाखवेल. हे सगळं खरं तर त्यालाच लिहायला हवं. दोनदा लिहायलाही बसले, आणि दोन्ही वेळा "काका" एवढा शब्द लिहून थांबले. म्हणून तुम्हाला लिहितेय. हे कुठं पोचणार नाही, ही त्यातली सोय.

आणि एक राहिलं. त्या दिवशी दगडापासून उठता उठता त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू बी हात जोड वं पोरी, तुह्याच्यानं झालं हे." मी हात जोडले. डोळ्यांना पाणी आलं होतं, म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. त्याला वाटलं असेल, मी मेलेल्यासाठी रडतेय. मी डोळे मिटून एवढंच मागत होते, की हे कधी कुणाला कळू नये.