इथं घर कशाला

१२ फेब्रु.
“इथं घर कशाला घ्यायचं? आपल्याला परत जायचंच आहे.” बाबा म्हणाले होते, मी शाळेत असताना. घरमालक श्रीवास्तवजी हेच घर विकणार होते, आधी आम्हाला विचारायला आले होते. परत म्हणजे साताऱ्याकडे. तिथून झाशीला कोण आलं, कोणत्या गावचं, आता कुणालाच सांगता येत नाही. शेवटी त्यांनीही विकलं नाही. आम्ही भाड्यानं राहिलो.
आज श्रीवास्तवजी पुन्हा आले. त्यांच्या मुलाचा, मोनूचा दुबईहून निरोप. घर पाडून फ्लॅट बांधायचे, जूनपर्यंत खाली करा. “हमसे तो कहते नहीं बन रहा, बिटिया.” चहा घेतला नाही.

१९ फेब्रु.
लक्ष्मी तालाकडे दोन खोल्या पाहिल्या. भाडं ऐकून पुन्हा विचारलं. दलाल म्हणतो, “मैडम, रेट अब यहाँ वाले थोड़े तय करते हैं. बाहर वाले वीडियो पे देख के ले लेते हैं.” तेवढ्यात त्याला तसाच कॉल. “ज़रा साइड में हो जाइए, उनको खिड़की दिखानी है.”
झाले बाजूला. फोनमधून कुणीतरी अस्सल बुंदेलीत, “हवा आउत कै नईं?”
येत होती.

२ मार्च
आईला सांगितलं. तिला आता अजिबात दिसत नाही. या घरात भिंतीला हात लावत एकटी देवापर्यंत जाते, चहासुद्धा करते. दुसरीकडे नेलं की माझा दंड सोडत नाही.
“मग जातोय का आपण परत?”
“कुठं?”
“ते तुझ्या बाबांना माहीत. विचारायचं राहिलं.” आणि हसली.
मी भांडी घासली.

९ मार्च
मोनूचा फोन. लहानपणी आमच्याकडेच जेवायचा, अजून माझ्या आईला ‘आई’च म्हणतो. “दीदी, यहाँ सब लड़के झाँसी में कुछ न कुछ ले रहे हैं. कल नौकरी गई तो लौटेंगे कहाँ?”
खरं आहे, म्हटलं.
“आप लोगों ने भी तो कभी लिया नहीं.”
तेही.

११ मार्च
ठेकेदाराची माणसं माप घेऊन गेली. आई माजघरातून विचारत होती, भिंत कोण चाचपतंय.
मोनूला लिहिते आहे. ‘सॉरी दीदी’ येईल, कदाचित हात जोडलेलं चित्रही. तरी.
मोनू, आई आहे तोवर पाडू नकोस. किती दिवस, ते मात्र मला विचारू नकोस.