ऐकून निवडलेली वेबसाइट

प्रिय सुरुची,

आपल्या दोघींच्या नर्सिंग ब्युरोच्या नव्या वेबसाइटवर फक्त माझं नाव घालावं, असा तुझा निरोप अवधूतनं दिला. नजर गेल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस, प्रभादेवीच्या घरात दिवसभर मोबाइल कानाशी धरून पुस्तकं ऐकतेस, हेही त्याच्याकडूनच कळतं. नवरा तुझा, पण निरोप्या माझा झालाय बिचारा. तुझं नाव गाळायला हात धजेना, म्हणून मी आधी वेबसाइट कुठल्या प्लॅटफॉर्मवर करायची ते ठरवायला बसले.

परळच्या हॉस्पिटलात पेशंट घेऊन आलेल्या माणसाला पेशंटपाशी बसायला बाई हवी असते ती लगेच. आजवर तो फोन तू घ्यायचीस, आणि नुसत्या आवाजावरून घाबरलेला कोण, त्रासलेला कोण हे ओळखायचीस. मला ते जमत नाही. मला वेबसाइट लागते.

पहिला प्लॅटफॉर्म फार आवडला होता. तयार डिझाइन, सरकणारे फोटो. आपल्याकडच्या रात्रपाळीच्या रमाबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "ताई, एवढ्या गोऱ्या नर्सा आपल्याकडं कधी आल्या?" फोटो प्लॅटफॉर्मचेच होते! मग वाटलं, तुला यातलं काय ऐकू येईल? फोनमधली वाचून दाखवणारी सोय चालू केली आणि स्क्रीनवर रुमाल टाकला. चित्र. चित्र. बटण, नाव नाही. बटण, नाव नाही. एवढी देखणी वेबसाइट, पण चाळीच्या पॅसेजमध्ये सगळी दारं लावलेली असावीत तशी.

दुसराही तसाच. तिसरा दिसायला वीजबिलासारखा, पण त्यात प्रत्येक फोटोला, बटणाला आपल्या शब्दांत नाव देता येतं. मी नावं दिली, पुन्हा रुमाल टाकला, आणि अगं, फोन बोलू लागला. रमाबाई, रात्रपाळी, पेशंटला कुशीवर वळवता येतं. रमाबाई उठूनच उभ्या राहिल्या, "माझं नाव घेतलंन!" काही न बघता, बोटानं चाचपत, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बाई ठरवली. या जगात तू रोज एकटी हिंडतेस, वाटा पाठ करतेस, आणि मी बाहेर उभी राहून तुझी कीव करत होते.

हे धंद्यासाठी की तुझ्यासाठी, असं स्वतःला बरेचदा विचारलं. हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या रखडत्या नेटवरही हा तिसराच आधी उघडतो हे बघितलं, तेव्हा कुठे मन मानलं.

तुला पत्र नेहमी हातानं लिहायचे. हे टाइप करून पाठवतेय, म्हणजे अवधूतनं वाचून दाखवायला नको, तू एकटीच ऐकशील. त्याच्या तोंडून सांगता येत नव्हतं ते हेच की ब्युरो मला एकटीला झेपतो, सुरुची. पण कोणाचा पेशंट बरा होऊन घरी गेला, की मी तुला सांगायला वळते आणि खुर्ची रिकामी असते. वेबसाइटवर दोघींची नावं घालू का? उत्तर अवधूतजवळ देऊ नकोस. मला फोन कर.

तुझीच,
प्रिती