घर आणि त्याखालची जमीन

मी, पद्माकर गोविंद रिसबूड, वय सत्त्याऐंशी, राहणार हाउन्सलो, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा उदय याला त्याबद्दल शंका आहे, म्हणून तो घ्यावा लागला. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. व्यवस्थापक म्हणून माझ्या सॉलिसिटर मनीषा यांना नेमतो. कोर्टासाठी इंग्रजी प्रत त्याच तयार करतील.

२. बँकेतील सर्व शिल्लक उदयला द्यावी. तो बेसिंगस्टोकला स्वतःच्या घरात सुखाने राहतो. बापाने वाऱ्यावर सोडले, असे त्याला म्हणता येऊ नये.

३. माझे हाउन्सलोचे राहते घर, खालच्या जमिनीसह, मी सुचेताला देत आहे. सुचेता ही उदयची घटस्फोटित पत्नी. उदय निघून गेला तेव्हा तीही माझ्या लहानग्या नातीला, मायराला, घेऊन निघाली होती. मी आणि माझी पत्नी मधुमती हिने तिला जाऊ दिले नाही. एअरपोर्टवरची नोकरी सांभाळून मधुमतीचे अखेरचे आजारपण तिनेच काढले. गळके छप्परही तिनेच आपल्या पगारातून नवे केले.

हे उदयला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, she's not even a Risbud anymore. तिला राहू द्या ना, कोण नको म्हणतंय? पण घर फॅमिलीच्या नावावर पाहिजे."

असे बोलणे मी पूर्वी ऐकले आहे. म्हणून पुढचे कलम लिहितो. उदय कोर्टात गेलाच, तर त्याने ते न्यायाधीशांना वाचून दाखवावे.

४. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ज्या ब्रिटिश वसाहतीत मी वाढलो, तिथे बंदरामागची जमीन माझ्या वडिलांनी घेतली होती. गोदीतल्या कामगारांनी तिच्यावर घरे बांधली. घर त्यांचे, जमीन आमची. वडिलांनंतर माझे थोरले बंधू कमलाकर यांनी म्वानाइशा नावाच्या विधवेला जागा खाली करायला सांगितले. मी भांडायला गेलो. दादा शांतपणे म्हणाले, "घर तिचंच आहे. खुशाल घेऊन जाऊ दे."

ती खरोखरच घेऊन गेली. आधी दार काढले, मग पत्रे. मातीच्या भिंती तेवढ्या मागे राहिल्या.

मी तेव्हा वसाहतीच्या कायदेमंडळात सभासद होतो. घर बांधून राहणाऱ्याला खालची जमीन रास्त भावात विकत घेण्याचा हक्क मिळावा, असे विधेयक मी लिहिले. मधुमतीने ते वाचले आणि विचारले, "आपल्या वाटणीचं काय? ते आधी द्या, मग सभागृहात उभे राहा." मी आधी दिले. म्वानाइशाची जागा मी माझ्या वाटणीत मागून घेतली; ती तिला परत मिळाली. पहिल्या खेपेस विधेयक पडले, दुसऱ्या खेपेस पास झाले. कमलाकरदादा मरेपर्यंत मला घरभेद्या म्हणत राहिले. त्यांच्या मुलांसाठी मी काही ठेवलेले नाही, आणि त्यांनीही काही मागितलेले नाही.

५. आमच्या त्या जमिनीच्या हद्दीचा दगड मी जहाजातून इथे आणला. तो मायराला द्यावा. तिने तो दार उघडे राहावे म्हणून दाराला लावावा. शोकेसमध्ये ठेवू नये.

६. माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी दोनदा माझी ओळख "आफ्रिकेतले मोठे जमीनदार" अशी करून दिली. तिसरी संधी मी देणार नाही.

७. हा मसुदा करताना मनीषाबाईंनी सुचवले, "काका, एक अट घालूया का? सुचेतानं पुन्हा लग्न केलं तर घर मायराकडे जावं. सेफ राहील."

सुचेता तेव्हा चहा घेऊन आत आली होती. तिने कप ठेवले आणि ती परत गेली.

विधेयक पहिल्या खेपेस पडले ते अशाच एका अटीपायी. जमीन विकायला किंवा वारसाला द्यायला जुन्या मालकाची परवानगी लागेल, एवढे कबूल केले असते, तर सगळे माझ्या बाजूने हात वर करणार होते. मी नाही म्हणालो. परवानगी मागावी लागते ती मालकी नव्हे, असे मी सभागृहात सांगितले आणि हरून घरी आलो. वर्षभर घरोघर फिरून मते फिरवली आणि ती अट न घालता कायदा करून घेतला.

तेव्हा अट नाही. सुचेताने हे घर ठेवावे, विकावे, पुन्हा लग्न करून नवऱ्याला इथे आणावे, माझ्या खोलीला तिला आवडतो तो पिवळा रंग द्यावा. माझ्या फोटोकडे बघून परवानगी मागू नये.

सही: पद्माकर गोविंद रिसबूड
हाउन्सलो, ९ सप्टेंबर २००४

रिसबूडकाकांनी आम्हा दोघांच्या देखत, एकाच वेळी, वरील सही केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार: हरीश कर्णिक, शेजारी
साक्षीदार: शिल्पा वैशंपायन, लायब्ररियन